आरोपांचीच पानं

जोनेल फेरिस ही बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि ते मी कुणापासून लपवूनही ठेवलेलं नाही. हसते मोठ्यानं. लाकडाच्या वखारीत काउंटरला असते, आणि गिऱ्हाईक खिळे घ्यायला येवो की फळ्या, "काय म्हणतोय मका यंदा?" म्हणत त्याच्या गळ्यात पडते. गावात येऊन फार काळ झाला नाही तिला, पण आमच्या चर्चमधल्या बायका तिच्याकडे पाककृती मागायला लागल्या. माझ्याकडे कधी कुणी मागितली नाही. "तुझ्यासारखं आम्हाला कुठलं जमायला, अर्डिस," असं म्हणायच्या, आणि इतकी वर्षं मी ते कौतुक समजत होते.

हेही एक वेळ चाललं असतं. पण तिनं माझ्या भावाला हात घातला.

मायलो माझ्याहून धाकटा. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, त्याला मी वाढवला. मी लग्न केलं नाही. खरं सांगायचं तर विचारायलाच कुणी आलं नाही, पण गावात सगळे 'भावासाठी राहिली' असं म्हणतात आणि मी ते खोडून काढत नाही. पुढे त्याचं लग्न झालं, बायको आजारपणात गेली, मुलं शहरात पांगली. तेव्हापासून दर रविवारी चर्च सुटलं की तो माझ्याकडे जेवायला. भाजलेलं डुकराचं मांस, उकडलेले पिठाचे गोळे, आंबवलेला कोबी. आमच्या आजोबांनी बोहेमियातून अमेरिकेत येताना पैसा आणला नाही, पण हे जेवण आणलं. आठवडाभर मी रविवारची वाट बघायची. बाकीचे दिवस मध्ये यायचे म्हणून यायचे.

एका रविवारी त्यानं पहिलाच गोळा अर्धा टाकला.

"का रे, बरं नाही का?"

"बरा आहे गं. पोट भरलंय. सकाळी जोनेलनं कोलाच आणून दिले, कॉफीबरोबर खाल्ले."

"किती?"

"मोजून कोण खातं!"

कोलाच म्हणजे आमच्या लोकांचा गोड पाव, मधल्या खळग्यात वाटलेली खसखस. फेरिसांच्या सात पिढ्यांत कुणी खसखस वाटली नसेल. मी ताटं उचलता उचलता सहज विचारल्यासारखं विचारलं, "जमलेत का तिला?"

"आईच्या हातचे आठवले," मायलो म्हणाला.

आईच्या हातचे! जन्म गेला माझा आईच्या हातची चव आणण्यात, आणि या माणसानं एकदासुद्धा तो शब्द माझ्यासाठी काढला नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी मी जेवणानंतरचा गोड ॲपल पाय कापलाच नाही, झाकून ठेवला. त्यानंही मागितला नाही.

ईस्टर झाल्यावर एकदा तो पिकअप घेऊन दारात आला. इंजिन चालूच ठेवलं, काच खाली केली.

"सप्टेंबरात करतोय," म्हणाला.

"काय करतोयस?"

"लग्न."

"कुणाशी?"

"अर्डी, नाटक नको करूस."

"मग आत येऊन सांग. रस्त्यावर उभं राहून सांगायची गोष्ट आहे का ही?"

"आत आलो तर तू रडशील."

मी रडले नाही. काच वर करून तो गेला आणि मी ओट्याखालची सगळी जुनी भांडी बाहेर काढून घासली. मला भीती एकच होती, आणि ती मी सरळ सांगते. लग्नानंतर रविवार तिचा होणार. तिच्या टेबलावर तिचे कोलाच, आणि मला सणावाराला पाहुणी म्हणून बोलावणं.

मग देवच पावला म्हणायचं. लॉरीनच्या केस कापायच्या दुकानात मी खुर्चीत बसले होते, डोक्याला फेस लावलेला. लॉरीन आरशातून माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "तुमच्या होणाऱ्या भावजयीचं ओस्टर काउंटीत काहीतरी झालं होतं म्हणे. माझी नणंद तिकडची आहे ना. जज्जपर्यंत गेलं होतं प्रकरण."

"अरेरे," मी म्हणाले. "बिचारी."

"मी काही म्हटलं नाही हं, अर्डिस."

"मीही काही ऐकलं नाही."

मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मायलोला मी कितीही सांगितलं असतं की ही बाई बरी नाही, तरी त्यानं म्हटलं असतं तुझा मत्सर बोलतोय. कोर्टाच्या कागदाला मत्सर नसतो.

आमच्या गावच्या कोर्टात विचारायची सोय नव्हती. तिथल्या क्लार्कबाई चर्चमध्ये माझ्याच बाकावर गातात, मी घरी पोचायच्या आत त्यांनी गावभर केलं असतं. लायब्ररीत गेले तर तिथला माणूस म्हणाला कॉम्प्युटरवर शोधता येतं, पैसे भरायला क्रेडिट कार्डाचा नंबर टाका. मी कॉम्प्युटरला माझ्या कार्डाचा नंबर देणाऱ्यांतली नाही. शिवाय तो म्हणाला की खटला ज्या काउंटीत चालला, मूळ फाईल तिथंच असते. बाई राहायला कुठंही गेली तरी तिचा गुन्हा काही सामानाबरोबर जात नाही. हे मला फार आवडलं. मी गाडी काढली आणि ओस्टर काउंटी गाठली.

जाताना वाटेत मी एक थाप तयार केली. चर्चच्या मुलांची देखभाल करणारी समिती आहे, त्यात नवीन बायका घेण्याआधी आम्ही चौकशी करतो, मी समितीची प्रमुख. गाडीत मोठ्यानं म्हणूनही पाहिली, खरी वाटत होती.

खालच्या मजल्यावरच्या खिडकीत एक टक्कल पडलेला गृहस्थ सँडविच खात होता. मी म्हणाले, एका बाईच्या गुन्ह्याचे कागद हवेत.

"छोटा गुन्हा की मोठा?"

"मोठा असेल अशी आशा आहे," माझ्या तोंडून गेलं.

त्यानं सँडविच खाली ठेवलं. "इथं दंड भरतात, मॅडम. दारू पिऊन गाडी चालवणं, शेजाऱ्याचं कुत्रं, असलं. वर्षाच्या वर तुरुंग होणारं असेल तर ते डिस्ट्रिक्ट कोर्ट. जिना चढा, डाव्या हाताला."

वर ग्लेनिस नावाची बाई होती. माझ्याच वयाची, केस निळसर पांढरे. मी समितीचं सुरू केलं तशी तिनं हात वर केला.

"कारण सांगायची गरज नाही. कोर्टाच्या फायली सगळ्यांना खुल्या आहेत, कुणीही मागावं. नाव सांगा."

"पण समितीनं..."

"नाव, मॅडम."

एवढी चांगली थाप वाया गेली. मी नाव सांगितलं, जोनेल फेरिस. जन्मतारीखही सांगितली. ती मला माहीत असायचं कारण असं की तिच्या वाढदिवसाचा केक मायलोनं माझ्याकडून करून घेतला होता. बाजारातला तिला चालणार नाही म्हणे! आणि जन्माचं साल ती नाचाच्या हॉलमध्ये स्वतःच सांगत सुटते, जसं काही बक्षीसच मिळालंय.

ग्लेनिसनं शोधलं. "फेरिस नावानं काही नाही. तेव्हा आडनाव दुसरं असेल. माहेरचं?"

मला कुठून ठाऊक असणार? मी त्या बाईला चार शब्दांपलीकडे कधी काही विचारलं नव्हतं. मग आठवलं, चर्चच्या पत्रकात लग्न ठरलेल्यांची नावं छापतात, त्यात पूर्ण नाव होतं. जोनेल हार्म्स फेरिस, म्हणजे फेरिस हे आधीच्या नवऱ्याचं. वाचून मी ते पत्रक चुलीत घातलं होतं.

"हार्म्स," मी म्हणाले.

"हार्म्स आहे." ग्लेनिस उठली. "जुनं आहे, कॉम्प्युटरवर नुसती नोंद आहे. कागद तळघरातून आणावे लागतील. बसा तुम्ही."

मी बसले. देवाशप्पथ सांगते, चर्चमध्येही मी इतक्या मनापासून कधी बसले नव्हते.

फाईल जाडजूड होती. ग्लेनिस म्हणाली, इथं टेबलावर बसून वाचायला पैसे नाहीत, प्रत हवी तर पानागणिक आकार. मी चष्मा लावून उघडली. पहिल्याच पानांवर आरोप. काउंटीच्या वकिलानं एकाखाली एक कलमं लावली होती. धान्य सोसायटीत हिशेब बघत असताना मालकाच्या पैशाची अफरातफर. खोटी सही. पुन्हा खोटी सही. कलमं खाली खाली उतरत गेली होती आणि प्रत्येकात तिचं नाव मोठ्या अक्षरांत. मी ते सावकाश वाचलं, परत वाचलं. वखारीतलं ते मोठं हसणं डोळ्यापुढे आलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिथल्या तिथं पर्समधली गोळी काढून चघळली.

पुढची पानं होती ती सगळी वकिलांची आणि जज्जची बडबड, प्रश्न आणि उत्तरं, प्रश्न आणि उत्तरं. ती वाचायचा मला धीर नव्हता. आणि आम्ही पडलो कुचेरा घराण्यातले, पैसा जपणारे. पानागणिक पैसे मोजायचे तर कामाचीच पानं घ्यावीत.

"एवढीच द्या," मी आरोपांच्या पानांवर बोट ठेवलं.

"निकाल नको?" ग्लेनिस म्हणाली. "लोक बहुधा शेवटचंच पान नेतात. आरोप काय, कुणी कितीही लावतं. ठरलं काय ते मागे असतं."

"नको. हेच पुरे. पण त्याच्यावर शिक्का मात्र मारून द्या."

"शिक्क्याचे वेगळे."

"असू देत."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. सोनेरी कडा असलेला, हाताला उठाव लागणारा. घरी येताना रस्ताभर मी तो मधून मधून बोटानं चाचपत होते.

रविवारी दोघांनाही बोलावलं. मायलो फोनवर खूष झाला. "खरंच? तिलाही?" म्हणाला. मी पहाटेपासून राबले. मांस असं शिजलं होतं की काटा लावला की सुटावं. जोनेल निळा फ्रॉक घालून आली, हातात फडक्यानं झाकलेलं ताट. कोलाच, अर्थातच.

"अर्डिस, तुमच्यासमोर हे आणायचं धाडसच म्हणायचं," ती म्हणाली. "चव घेऊन खरं खरं सांगा हं."

"सांगते ना," मी म्हणाले. "खरं तेच सांगणार आहे आज."

जेवण होईपर्यंत मी दम धरला. मायलोनं तीनदा वाढून घेतलं, मध्येच तिला म्हणाला, "बघ, हे असं जमायला पाहिजे तुला." दुसऱ्या कुठल्या रविवारी मी त्या वाक्यावर महिनाभर जगले असते. पण कागद ओट्याच्या खणात होता, आणि खण मला बोलावत होता.

कॉफी ओतली आणि कागद मायलोच्या बशीशेजारी ठेवला, शिक्का वर येईल असा.

"हे काय?"

"वाच. तुझं तूच वाच. मी तोंडानं सांगितलं असतं तर तुला खोटं वाटलं असतं."

त्यानं वाचलं. जोनेलनं बसल्या जागेवरून शिक्का पाहिला आणि तिचं हसणं गेलं. तिनं हात मांडीवर घेतले. मला वाटलं आता मायलो ओरडेल, मग तिच्याकडे वळेल, मग माझ्याकडे. त्याच्या खांद्यावर हात ठेवायला मी उठूनही उभी राहिले.

त्यानं पानं चाळली, पालथी करून पाहिली, आणि मला विचारलं, "बाकीची कुठंयत?"

"काय बाकीची?"

"अगं, फाईल एवढी जाड आहे. हे तर नुसते आरोप. त्यातला एक सोडून बाकी सगळे काढून टाकले जज्जनी. ती पानं कुठंयत?"

माझा हात खांद्यापर्यंत पोचलाच नाही. "तू... तू बघितलीस?"

"मार्चात. हिनंच धाडलं मला. मी विचारलं लग्न करशील का, तर म्हणाली आधी ओस्टरला जा, सगळी फाईल वाच, मग परत विचार. मी दुपारभर बसलो होतो त्या टेबलाशी."

"मायलो, पुरे," जोनेल म्हणाली. "जेवणाच्या टेबलावर नको."

"नाही, ऐकू दे तिला. गेली होती ना एवढ्या लांब, तर सगळं ऐकू दे." त्यानं कप बाजूला सारला. मायलोचा आवाज चढत नाही, खाली जातो. "हिच्या भावाची शेती बँक घेत होती. हिनं सोसायटीचे पैसे उचलले आणि त्याला दिले. चूक केली, तिनं पहिल्याच दिवशी कबूल केलं. जज्ज परत परत विचारत होते, भावाला ठाऊक होतं का. ही म्हणत राहिली नाही. म्हणे त्याला लहान मुलं आहेत, जे काय ते मला द्या. आणि त्याला सगळं ठाऊक होतं, अर्डी! त्यानंच मागितले होते, हे हिनं मला नंतर सांगितलं. जज्जनी विचारलं, आज तुझ्या घरचं कुणी आलंय का. नाही म्हणाली. भाऊ आला नाही, पेरणी होती म्हणे. ही गेली तुरुंगात."

मी बसले. आणि खरं काय वाटलं तेच सांगते, दया नाही वाटली. दया नंतर आली असेल नसेल. त्या क्षणी मला पुन्हा तिचा मत्सरच वाटला, आधीपेक्षा दसपट. आयुष्यभर गाव मला 'भावासाठी राहिली' म्हणत आलं. माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती, आणि तिच्यातही ही बाई माझ्या पुढे निघून गेली. मी गोळे उकडले, आणि ही भावासाठी कोठडीत बसली.

"वाचताना मला काय वाटलं माहितीय?" मायलो म्हणाला. "वाटलं, ही तर आपली अर्डीच. असं करावं तर आपल्या अर्डीनं. म्हणून तर त्याच संध्याकाळी येऊन हिला परत विचारलं." त्यानं कागदाची घडी घातली आणि माझ्याकडे सरकवली. "चुकलोच म्हणायचं. तुझ्याबद्दल."

तो उठला, टोपी घेतली, बाहेर गेला. पिकअपचं दार लागल्याचं ऐकू आलं, पण इंजिन सुरू झालं नाही. तो तिच्यासाठी थांबला होता.

जोनेल त्याच्यामागे गेली नाही. तिनं बाह्या सारल्या आणि ताटं गोळा करायला लागली. मी म्हणाले, "ठेवा ते. जा तुम्ही, तो खोळंबलाय."

"खोळंबू दे थोडा. राग धुरासारखा असतो त्याचा, दार उघडं ठेवलं की जातो." तिनं नळ सोडला. "तुम्ही काही जगावेगळं केलं नाहीत, अर्डिस. माझ्या भावाला कुणी अशी बाई भेटली असती तर मीही गेले असते फाईल काढायला." मग ताट विसळता विसळता म्हणाली, "सगळी पानं घेतली असती मात्र."

मी फडकं घेऊन तिनं धुतलेलं पुसत राहिले. ओरडावं, ताट फोडावं, काहीतरी करावं असं फार वाटत होतं, पण ताट माझ्या आईचं होतं.

"आता येणार नाही तो," मी म्हणाले. "मी ओळखते त्याला. एकदा गेला की गेला. रविवार संपला माझा."

"येईल," जोनेल म्हणाली. तिनं हात पुसले, पर्स उचलली, आणि लहान मुलीला सांगावं तसं मला सांगितलं, "काळजी करू नका. मी आणते त्याला."

आणि आणलं तिनं. पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर पिकअप दारात थांबली. माझ्या भावाला माझ्या घरी यायला कधी दार वाजवावं लागलं नव्हतं, तो सरळ आत यायचा. त्या दिवशी दार वाजलं. मी उघडलं तर दारात ती उभी होती, आणि तो तिच्या मागे.